लिफ्टमधले कलासंग्रहालय

मी एक जुनी लिफ्ट आहे. लिफ्ट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे आरसा, पंखा आणि मजल्यांचे लाल आकडे आले असतील, तर ते आधी पुसून टाका. मी मालाची लिफ्ट. माझ्या तळाला जाड लाकडी फळ्या आहेत, तीन बाजूंना पत्रा आहे आणि पुढे ओढून लावायचे जाळीचे दार आहे. ते लावताना असा खणखणाट होतो की नवख्या माणसाच्या काळजात धस्स व्हावे. स्वभावाने मी जरा तोऱ्यातच असते. पण मित्रांनो, या शहराचे समकालीन कलेचे संग्रहालय माझ्या पोटात सुरू झाले. पोटात म्हणजे खरोखरच पोटात. मग थोडा तोरा चालायचाच.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. तिथला मुख्य फिटर तोंडाने फटकळ, पण हाताचा पक्का होता. मी तयार झाले तेव्हा त्याने झाडून सगळ्या कामगारांना माझ्यात उभे केले आणि उड्या मारायला लावल्या. मी हूं की चूं केले नाही. "पोरगी नांदेल," एवढेच तो म्हणाला आणि हात पुसत निघून गेला.

माझे सासर म्हणजे एक तीन मजली बिस्किटांचा कारखाना. वरच्या मजल्यांवर पीठ मळायचे आणि तळमजल्यावर भट्ट्या पेटायच्या. मी पिठाची पोती वर नेत असे आणि डब्यांच्या चळती खाली आणत असे. माझ्याभोवती लोखंडी जाळी होती आणि त्या जाळीला वळसे घालत दगडी जिना वर जात होता. जिन्यावरून जाणाऱ्याला मी दिसे, मला तो दिसे. पण जिन्याने जातो कोण? मी असताना पाय कशाला झिजवायचे? कारखान्यात पाहुणे आले की मालक त्यांना आधी मला दाखवत आणि मग भट्ट्या दाखवत. मी मनातून फुलून जाई.

मला चालवायला आप्पा होते. आप्पा म्हणजे कोणाचे वडील नव्हेत. ऐन तारुण्यातही ते म्हाताऱ्यासारखे सल्ले देत, म्हणून कारखान्याने त्यांना आप्पा करून टाकले होते. माझ्या पितळी मुठीवर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात मला खपत नसे.

मग कारखाना शहराबाहेर गेला. यंत्रे गेली, माणसे गेली, भट्ट्या थंड पडल्या. मला न्यायचे तर भिंत फोडावी लागली असती, म्हणून मला तिथेच ठेवले. मालकांनी इमारत शहरातल्या एका विश्वस्त संस्थेला देऊन टाकली आणि संस्थेने आप्पांना राखणदार नेमले. माझ्या डोक्यावर कबुतरांनी संसार थाटले. जाळीला गंज चढला. आप्पा मधूनमधून कप्पीला तेल घालत आणि मला रिकामीच वर नेऊन खाली आणत. सवय मोडू नये म्हणून, असे ते म्हणत. सवय कोणाची, ते मात्र सांगत नसत. मला वाटे, आपण आता संपलो. कामाच्या जीवाला रिकामपण फार खाते, मित्रांनो.

अशात एके दिवशी बाई आल्या. त्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. अर्ध्या शहराने त्यांच्याकडून कान पिळून घेतलेले, त्यामुळे लहानथोर सगळे त्यांना नुसते बाईच म्हणत. अंगाने किरकोळ. माझ्यात पाऊल टाकले तेव्हा एखादे अर्धे भरलेले पोते ठेवावे तेवढेच वजन मला जाणवले. पण त्या काय ओझे घेऊन आल्या आहेत ते आप्पांशी बोलताना कळले.

बाईंचे थोरले भाऊ, म्हणजे त्यांचे दादा, चित्रकार होते. दरवाजांएवढी मोठी चित्रे काढायचे. ते गेले आणि भाड्याचे घर रिकामे करायची वेळ आली, तेव्हा बाई शहराच्या वस्तुसंग्रहालयात गेल्या. तिथे तलवारी होत्या, नाणी होती, पेंढा भरलेला वाघ होता. अधिकाऱ्यांनी त्यांना चहा पाजला आणि आदराने सांगितले की आम्ही फक्त जुन्या वस्तू ठेवतो. बाईंनी विचारले, "मग ही जुनी होईपर्यंत कुठे ठेवू?" त्यावर अधिकाऱ्यांनी आणखी एक चहा मागवला. चित्रे एका नातेवाइकाच्या गच्चीवर ताडपत्रीखाली राहिली आणि एका पावसाळ्यात कुजून गेली. बाईंनी तो लगदा स्वतःच्या हाताने भरून टाकला. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता. आजच्या माणसांनी आज केलेली कला आजच जपली जाईल, असे एक घर या शहरात असायला हवे.

संस्थेचे अध्यक्ष माणूस भला, पण पक्के व्यवहारी. इमारतीसाठी फरश्यांचे एक मोठे दुकानही त्यांच्या मागे लागले होते. ते बाईंना म्हणाले की एक वर्ष जागा वापरा, लोकांना हवे असेल तर पुढे बोलू. लोकांना नको असेल तर मात्र फरश्या.

मग तपासणीला इंजिनियर आला. त्याने सगळीकडे ठोकून पाहिले आणि नन्नाचा पाढा लावला. वरच्या मजल्यांच्या फळ्या कुजल्या आहेत, तिथे कोणाला पाठवू नका. भट्ट्यांच्या खोलीचे छत गळते, तिथेही नको. या इमारतीत धड म्हणावे असे काही आहे का, असे बाईंनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "ही लिफ्ट तेवढी ठणठणीत आहे."

"मग लिफ्टमध्येच भरवू," बाई म्हणाल्या.

आप्पांना वाटले, बाई थट्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशी बाई खिळे, हातोडी आणि आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची चित्रे घेऊन हजर. माझ्या तिन्ही पत्र्यांना पांढरा रंग लागला. चित्रे टांगली गेली. छताला तारेचे एक शिल्प लटकले. ते मी हलले की हलत असे. दाराशी पाटी लागली आणि शहराचे समकालीन कलासंग्रहालय सुरू झाले. त्यात एका वेळी मोजकी माणसे मावत आणि ते वरखाली जात असे.

काय गर्दी लोटली म्हणून सांगू! रांग फाटकाच्या बाहेर गेली. आप्पा मूठ धरून उभे आणि तोंडाचा पट्टा चालू. "भिंतीला टेकू नका, चित्र ओलं आहे आणि शर्ट तुमचा आहे," असे ते गंभीर चेहऱ्याने सांगत आणि माणसे अंग चोरून उभी राहत. कोणी चित्र उलटे टांगले आहे म्हणून वाद घाली, कोणी नुसतेच हसे. वरून खाली येईपर्यंत दोन अनोळखी माणसे एकमेकांशी भांडायला लागलेली मी पाहिली आहेत, तीसुद्धा एका हिरव्या ठिपक्यावरून. मी तर हवेत होते. पोती वाहिली, डबे वाहिले, पण असा थाट कधी अनुभवला नव्हता.

वर्ष संपताना अध्यक्ष आले. त्यांनी रांग पाहिली, एक फेरीही मारली आणि उतरल्यावर बाईंना म्हणाले, "बाई, खरं सांगू का? हे लोक चित्रं बघायला येत नाहीत. लिफ्टमध्ये बसायला येतात."

बाईंनाही मनातून तीच भीती होती. वर्ष वाढवून मिळाले, पण ते वाक्य त्यांच्या मनात काट्यासारखे रुतून बसले. माझे म्हणाल तर मला गुदगुल्या झाल्या. बघा, मी मनात म्हटले, संग्रहालय माझ्यावर चालले आहे.

पुढे संग्रहालय वाढत गेले आणि ते वाढताना पाहणे हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे सुख. आधी पहिल्या मजल्याच्या फळ्या बदलल्या आणि तिथे पहिले दालन झाले. मग वरचा पीठ मळायचा लांबलचक मजला उघडला. त्याच्या खिडक्यांतून इतका छान उजेड येई की दूरदूरच्या शहरांतले चित्रकार तो पाहायला येऊ लागले. भट्ट्यांच्या काळोख्या खोलीत पडद्यावर हलणारी चित्रे दिसू लागली. चित्रे नीट ठेवायला कोरडी कोठारे झाली. बाई कोणत्याही कलावंताकडे रिकाम्या हाताने जात नसत. जाताना एक दोरी नेत. तिला दोन गाठी असत, एक माझ्या दाराच्या रुंदीची आणि दुसरी उंचीची. "एवढ्यात बसेल असं काहीही कर," असे सांगून त्या दोरी हातात ठेवत. कितीतरी कलावंतांनी ती दोरी आपल्या कामाच्या खोलीत खिळ्याला टांगून ठेवली होती. माझ्या मापाने या शहराची कला वाढली, असे मी म्हटले तर ती फुशारकी होणार नाही. झालीच तर थोडी.

अध्यक्ष मात्र दर वर्षी मुदत वाढवताना तेच म्हणत. लिफ्ट आहे तोवर गर्दी आहे. ती बंद पडू दे, मग बघा.

शेवटी बाईंनी इमारत संग्रहालयाला कायमची मागितली. एकेका वर्षाच्या भरवशावर कोण आपले काम ठेवायला देणार? आणि उद्या जागा गेली तर ही सगळी चित्रे पुन्हा कोणाच्या गच्चीवर जायची? फरश्यांच्या दुकानाचा तगादाही वाढला होता. अध्यक्ष म्हणाले, नव्या प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी मी साध्या प्रेक्षकासारखा येईन, डोळ्यांनी पाहीन आणि ठरवीन. बाईंना त्या आठवड्यात जेवण गेले नाही.

त्या प्रदर्शनातले मुख्य काम लगदाताईचे होते. ती तरुण शिल्पकार, कागदाच्या लगद्यात काम करायची. हात कायम लगद्याने माखलेले, म्हणून आप्पांनी ठेवलेले नाव तिला चिकटले. तिने घरोघर फिरून रद्दी जमवली होती. परीक्षेचे पेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, बसची तिकिटे, आमंत्रणे, शाळेच्या वह्या. त्या सगळ्याचा लगदा करून तिने एक पोकळ खोली घडवली. खोलीला ना दार, ना खिडकी. भिंतींतून मात्र अक्षरे डोकावत. आणि माझ्यावरच्या प्रेमापोटी तिने ती बरोबर माझ्या पोटाच्या मापाची केली. बोट शिरेल एवढीच जागा चारी बाजूंना सोडली.

पावसाचे दिवस होते. टेम्पोतून आणताना ताडपत्रीखालून ओल लागली. आदल्या संध्याकाळी, आत हात घालता यावा म्हणून माझे तिन्ही पत्रे उतरवून, खोली माझ्यात सरकवली तेव्हा ती इतकी चपखल बसली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण कागद तो कागद. तिने कागद मोजला होता, कागदाची तहान मोजली नव्हती. सकाळपर्यंत खोली फुगली. ती वरच्या दालनात न्यायला आप्पांनी बाहेरचे, एकटा माल पाठवायचे बटण दाबले. आत उभे राहायला जागाच नसल्यामुळे ते जिन्यावरून माझ्याबरोबर चढू लागले. पहिला मजला ओलांडला आणि माझ्या जाळीतून बाहेर आलेली कागदाची कड वरच्या तुळईखाली अडकली. मोटर कण्हली. मी जिवाचा आटापिटा केला, पण तसूभरही हलले नाही. दोन मजल्यांच्या मध्ये मी लटकून राहिले, आणि अध्यक्ष यायची वेळ झालेली.

लगदाताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती धावत जाऊन करवत घेऊन आली. "मी मधोमध कापते. तुकडे काढले की लिफ्ट मोकळी होईल. मग जोडू."

"जोड दिसेल का गं?" आप्पांनी विचारले.

"दिसेल," ती म्हणाली. तिला खोटे बोलता येत नसे.

सगळे बाईंकडे पाहू लागले. बाई पायरीवर बसल्या होत्या. जाळीतून बोट घालून त्यांनी तो फुगलेला कागद चाचपला. लिफ्ट सुरू झाली नाही तर काय होईल, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. मी मनात ओरडत होते, कापा एकदाचे, मला मोकळे करा, माझ्याशिवाय तुमचे काही खरे नाही.

"करवत खाली ठेव," बाई म्हणाल्या.

"बाई, अध्यक्ष येतायत."

"पाहुणे येणार म्हणून आपणच आपलं काम कापायचं असेल, तर फरश्यांचं दुकान काय वाईट आहे?"

त्या उठल्या, खाली गेल्या आणि फळ्यावर त्यांनी खडूने स्वतःच्या वळणदार अक्षरांत लिहिले, लिफ्ट बंद आहे. फळा त्यांनी फाटकातच ठेवला. लपवाछपवी त्यांना कधी जमली नाही.

संग्रहालय उघडले. मला वरून जाळीतून सगळे दिसत होते आणि ऐकूही येत होते. एक वडील दोन मुलांना घेऊन आले होते. फळा वाचून मुले हिरमुसली आणि तिघे परत गेले. मग आणखी काही जण गेले. अध्यक्ष आले ते छत्री मिटून बाजूला उभे राहिले आणि फळ्याकडे पाहून त्यांनी नुसती मान हलवली. माझी मान मात्र लाजेने खाली गेली असती, ती असती तर. माझ्यामुळे बाईंचे घर जाणार, एवढेच माझ्या मनात घोळत होते.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी आल्या. चांगल्याच वजनदार बाई. त्या दर आठवड्याला येत आणि माझ्या फळ्या त्यांना ओळखत. त्यांनी फळा वाचला आणि पदर खोचून त्या सरळ जिन्याकडे वळल्या. अध्यक्षांना राहवले नाही. "मावशी, लिफ्ट बंद आहे."

"वाचलं की मी."

"मग चढून कशाला जाता? गुडघे दुखतील."

"दुखतात ते दुखतातच," मावशी म्हणाल्या. "वर ते राखाडी चित्र आहे ना, मोठं, ज्यात काहीच नाही, ते बघायचंय मला. आठवडाभर लोकांच्या कपड्यांच्या सुरकुत्या बघून डोळे शिणतात. त्या चित्रात एकही सुरकुती नाही. तिथे बसलं की बरं वाटतं."

आणि त्या चढू लागल्या. त्यांच्या मागोमाग रुग्णालयातली एक परिचारिका, गणवेशातच. मग खांद्याला कागदांची नळी अडकवलेल्या मुली. मग एक आजोबा, नातीच्या खांद्यावर हात ठेवून. इतकी वर्षे जिना गप्प होता आणि आज माझी जाळी पावलांनी थरथरत होती. मी अडकले होते तिथे पोचल्यावर प्रत्येक जण थबके. चहूबाजूंनी जिना, मधे जाळी आणि जाळीत ती कागदाची खोली. ती अशी सगळीकडून दिसेल हे खुद्द लगदाताईच्या डोक्यात आले नव्हते. एका बाईंना त्यात आपल्या मुलीच्या वहीचे पान सापडले, गणिताचे, लाल फुली असलेले. त्यांनी ओळखपाळख नसलेल्या माणसांना बोलावून ते दाखवले. पण गंमत अशी की तेवढे पाहून कोणी परत फिरले नाही. सगळे पुढे वर गेले, दालनांत गेले आणि तिथे रमले.

अध्यक्षही चढले. अर्ध्यावर त्यांना धाप लागली म्हणून ते माझ्याशेजारच्या पायरीवर टेकले आणि जाळीला नाक लावून वाचू लागले. तासभर तरी ते वरच्या दालनांत होते. परत आले तेव्हा बाई खाली फळ्याजवळ उभ्या होत्या. आप्पा खांबामागे होते आणि लगदाताई नखे खात होती.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "या जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवून घ्या. वर्दळ फार आहे."

"बसवू," बाई म्हणाल्या. पण जागा वर्षाची असेल तर खर्च कशाला, असेही त्यांनी हळूच जोडले.

"जागा तुमचीच आहे. फरश्यावाल्यांना मी कळवतो."

ते गेल्यावर बाई रडल्या. तोंड न लपवता, सगळ्यांसमोर रडल्या. आप्पांनी त्यांच्यासाठी पाण्याचा पेला आणला आणि स्वतःच पिऊन टाकला, इतके ते गडबडले होते.

ती कागदाची खोली बाईंनी कोणाला ओढू दिली नाही. पावसाळा संपेपर्यंत मी तशीच लटकून राहिले. कडक ऊन पडले, कागद आपला आपण आक्रसला आणि एका दुपारी खोली अलगद सुटली आणि मी ती वर नेली. आज ती मोठ्या दालनात आहे. पुढे शेजारची जुनी गोदामे घेऊन संग्रहालयाला नवी बाजू जोडली गेली. तिथे मुलांना रंग कालवायला मिळतात, मूर्ती फोडून पुन्हा घडवायला मिळतात. नवी लिफ्टही आली आहे. ती बोलत नाही, खणखणत नाही, बिचारी गुणी आहे. लगदाताई आता संग्रहालयाच्या संचालक आहेत. बाई खूप थकल्या आहेत, पण येतात, कोणाचा तरी हात धरून जिन्याने चढतात आणि प्रत्येक वळणावर माझ्या जाळीला हात लावतात.

मित्रांनो, मला आता फार काम नसते. कधीतरी एखादे अवजड शिल्प आले की माझी आठवण होते. तुम्ही येथे आलात तर माझ्या दाराला लोंबकळू नका, आणि कप्पीला तेल आहे की नाही ते कोणाला तरी विचारा, एवढेच माझे मागणे आहे. पण एखाद्या दिवशी मी पुन्हा अडकले आणि फाटकात फळा दिसला, तर माझ्यासाठी थांबू नका आणि घरीही जाऊ नका. तुमची पावले जिन्यावर वाजू द्या. ती ऐकायला मला फार आवडते.